कलमं बांधून मिळतील

भाच्याला संविधानाची शिकवणी हवी होती, आणि वडखळ नाक्यावर मिळत नाही असं काय आहे? म्हणून रविवारी सकाळी आम्ही मामा-भाचे नाक्यावर उभे राहून विचारायला लागलो, "इथं कुणी कलमं शिकवतं का हो?"

"शिकवतात की," टपरीवाला पानाला चुना लावता लावता म्हणाला. "थोडं पुढं जावा, नर्सरी हाय. हापूस, केशर, रत्ना, पाहिजे ते. कोय कलम बांधायला दहा मिनटं लागतात. जगवायला चार पावसाळे."

"आंब्याची नाही हो. घटनेची. चौदा, एकोणीस, एकवीस..."

"एवढी एकदम नाय मिळायची. पावसाच्या तोंडावर या."

खुलासा करतो. भाचा वकिली शिकतोय. पदवीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम. करार कायदा सुटला. अपकृत्य कायदाही सुटला, ज्याला ते 'टॉर्ट' म्हणतात आणि आमची ताई 'तूर्त' म्हणते. राहिलं ते संविधान. दोनदा राहिलं. ताईने ही बातमी नातेवाइकांत कशी फिरवली पाहा: "सगळं झालंय त्याचं, फक्त देशाची घटना राहिलीय." ऐकणाऱ्याला वाटावं पोरगा ती लिहायलाच बसलाय. घटना समितीला लिहायला तीन वर्षांना थोडे दिवस कमी लागले. पोराला वाचायला तेवढे पुरतील असं दिसत नाही.

'अनुच्छेद म्हणा, कलम नव्हे' असं सांगणारे वाचक पत्र लिहायला बसले असतील. बसा. संविधानात अनुच्छेद असतात आणि साध्या कायद्यात कलमं असतात हे मला ठाऊक आहे. पण नाक्यावर 'अनुच्छेद शिकवता का' असं विचारलं असतं तर टपरीवाल्याने दवाखान्याचा पत्ता दिला असता.

आमच्याकडे शिकवण्यांना तोटा नाही. वडखळपासून पेणपर्यंत विजेच्या खांबावर एक नजर टाका. आठवी ते दहावी सर्व विषय. स्पोकन इंग्लिश पंचेचाळीस दिवसांत. पोलीस भरती, मैदानी व लेखी. अबॅकस. हस्ताक्षर सुधार. एका खांबावर तर 'पालकांसाठी गणित' होतं, म्हणजे पोराचा गृहपाठ आईबापाला शिकवणार आणि पोरगं मोबाइलवर मोकळं. संविधान मात्र एकाही खांबावर नाही. ते असतं भिंतीवर. शाळेच्या प्रवेशद्वाराशी उद्देशिका रंगवलेली असते, 26 नोव्हेंबरला मुलं ती एका सुरात म्हणतात, सरपंच हार घालतात, फोटो निघतो. ज्या गोष्टीला हार घातला तिची शिकवणी कशी लावणार? देव्हाऱ्यातल्या गणपतीचा कोणी अभ्यास करतो का? पेणमध्ये करतात म्हणा. पण ते मूर्तिकार असतात, आणि त्यांना सोंड कुठून वळते ते हातानं कळलेलं असतं.

पहिला उमेदवार पेणला सापडला. स्पर्धा परीक्षांचा क्लास. दुसरा मजला, खाली पापड-पोह्यांचं दुकान, वर राज्यघटना. लक्ष्मीकांत यांचं घटनेवरचं जाडजूड पुस्तक टेबलावर विटेसारखं ठेवलेलं. सरांचा उत्साह दांडगा. म्हणाले, "बारा अनुसूची लक्षात ठेवायच्या ना? एकच वाक्य. टीअर्स ऑफ ओल्ड पीएम." म्हणजे म्हाताऱ्या पंतप्रधानांचे अश्रू. इंग्रजी स्पेलिंगमधल्या बारा अक्षरांना बारा अनुसूची. टी म्हणजे प्रदेश, ई म्हणजे मानधन, ए म्हणजे शपथा, आणि असं करत करत पी म्हणजे पंचायत, एम म्हणजे महापालिका. नववं अक्षर एल. एल म्हणजे लँड, जमीन. संपलं. देशाच्या घटनेच्या बारा अनुसूची, एक म्हातारा पंतप्रधान आणि त्याचा हुंदका, अकरा सेकंदांत.

भाचा म्हणाला, "सर, नवव्या अनुसूचीत नक्की काय आहे?"

सर म्हणाले, "ते येत नाही परीक्षेत. कितवी आहे ते येतं."

यात त्यांची चूक नाही. चार पर्यायांतून एक निवडायचा तर चौकटीत खूण करण्यापुरतंच ज्ञान लागतं. पण वकिलीच्या पेपरात 'स्पष्ट करा' असतं, 'चर्चा करा' असतं. अश्रूंची चर्चा करायची कशी?

दुसरा उमेदवार खरा वकील. पेणच्या कोर्टात चांगली प्रॅक्टिस. केबिनमध्ये शिरलो तर फायलींचे गठ्ठे, त्यामागून आवाज आला, "बसा." कुठे बसा ते फायलींनी ठरवलं. हेतू सांगितला तशी त्यांना हसू फुटलं.

"संविधान? ते वरच्या कोर्टात लागतं हो. इथं आम्हाला एकशे अडतीस लागतं."

एकशे अडतीस म्हणजे चेक न वटल्याचं. त्याशिवाय वाटपाचे दावे, वहिवाटीचे रस्ते, बांध कोरला, अपघाताची भरपाई. त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं. मूलभूत हक्क मोडला म्हणून रिट मागायचं तर अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात जा किंवा 32 खाली थेट दिल्लीला. तालुक्याच्या कोर्टाला रिट काढायचा अधिकारच नाही. म्हणजे हक्क सगळे मूलभूत, पण ते मागायची खिडकी मुंबईला, आणि तिथली भाषा अनुच्छेद 348 प्रमाणे इंग्रजी. इथल्या वकिलाला घटना लागते सनद घेतानाच्या शपथेपुरती. वापर नसला की विळासुद्धा गंजतो, मग अनुच्छेदाचं काय घेऊन बसलात?

जाता जाता ते म्हणाले, "पोराला रोज पाठवा. फी नको. फायली उचलील, आपोआप शिकेल." भाचा आठवडाभर गेला. झेरॉक्स पाठपोट कशी काढायची ते शिकला.

मग मराठी पुस्तकांकडे वळलो. मातृभाषेतून वाचलं की डोक्यात शिरतं, असं मीच म्हणालो होतो, आणि तोंडघशी पडलो. बत्तिसाव्या अनुच्छेदात रिटचे पाच प्रकार. इंग्रजीत ते लॅटिन नावांनी आहेत, म्हणजे इंग्रजांनाही कळत नाहीत. मराठीत काय करून ठेवलंय ते वाचा: देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध, क्वाधिकार, प्राकर्षण. देहोपस्थिती हा शब्द लग्नपत्रिकेत चालून जाईल. प्राकर्षण म्हणजे मिठागरातलं एखादं यंत्र असावं असं मला वाटलं. आणि पोरगा पाठ करताना 'क्वाधिकार, क्वाधिकार' करायला लागला तेव्हा ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, कुणाची बदकं शिरली बघ अंगणात!"

वास्तविक अर्थ किती साधा. माणूस डांबलाय? त्याला आणून समोर उभा करा. तू त्या खुर्चीत कुठल्या अधिकाराने बसलास? दाखव. दुसरा प्रश्न तर आमच्याकडे ग्रामसभेत दर वेळी विचारला जातो, फक्त तो विचारणाऱ्याला आपण क्वाधिकार बजावतोय हे माहीत नसतं. माहीत असतं तर त्याने आवाज खाली आणला असता.

तिसरा उमेदवार भाच्याच्या खिशातच होता. मोबाइलमधला नवा गुरुजी. विचारा काहीही, तो सांगतो काहीही, आणि फार नम्रपणे. भाच्याने परीक्षा घ्यायची म्हणून विचारलं: पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचं पाणी सिडकोच्या नवी मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यातला आमचा खारेपाट उन्हाळ्यात टँकरची वाट बघतो, तर पाण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात बसतो का? गुरुजींनी दोन पानं लिहून दिली, वर तीन खटले. त्यातला एक आम्ही शोध शोध शोधला. असा खटलाच नव्हता. तसं कळवल्यावर गुरुजी लगेच म्हणाले, क्षमस्व, आपलं बरोबर आहे. चूक दाखवल्यावर माफी मागणारा शिक्षक मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. पण ज्याला आधीच येत असेल त्यालाच ज्याची चूक सापडते, तो शिकवणीला काय कामाचा?

शेवटी नर्सरीत गेलो. शिकवणीसाठी नव्हे, इतक्यांदा चौकशी केली होती की एक हापूस न घेणं बरं दिसेना. नर्सरीवाला गप्पिष्ट निघाला. म्हणाला, "काडी कुठनं पण आणा. रत्नागिरीची आणा, देवगडची आणा. खुंट मात्र गावठी पाहिजे. रायवळ आंब्याची कोय आपल्या मातीत रुजते, तिच्यावर काडी धरते. खुंट बाहेरचा आणलात तर पानं चांगली फुटतील, पण पुढं काय ते मना नका विचारू."

मी भाच्याकडे पाहिलं. तो मोबाइलकडे पाहत होता.

आपल्या घटनेवर एक जुना आक्षेप आहे, ती उसनी आहे म्हणून. निदेशक तत्त्वांची कल्पना आयर्लंडची, संसदीय पद्धत इंग्लंडची, मूलभूत हक्कांवर अमेरिकेची छाप, आणि बराचसा सांगाडा 1935 च्या ब्रिटिश कायद्याचा. शिकवणीवालेही हेच शिकवतात. 'कुठून काय घेतलं' असा तक्ताच असतो, तोही पाठ करायचा. सगळा तक्ता काड्यांचा. खुंटाचा रकाना त्यात नाही.

आता अनुच्छेद 15 चा दुसरा खंड घ्या. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला दुकानात, हॉटेलात जायला अडवायचं नाही, हे ठीक. पण त्यापुढे विहिरी आहेत, तलाव आहेत, स्नानघाट आहेत, रस्ते आहेत. देशाच्या सर्वोच्च कायद्यात तळं कुठून आलं? कुठल्या देशाच्या घटनेतून उसनं घेतलं? आमच्या नाक्यावरच्या मुंबई-गोवा महामार्गाने वडखळहून खाली जात राहा, महाड लागेल. 20 मार्च 1927 ला तिथल्या चवदार तळ्याचं पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर हजारो माणसं प्यायली. त्याच वर्षी डिसेंबरात सवर्ण मंडळींनी महाडच्या कोर्टात दावा लावला की तळं सार्वजनिक नाहीच. दावा चालला नऊ वर्षांहून जास्त. 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचं अपील फेटाळलं. एका घोट पाण्याला नऊ वर्षांच्या तारखा ज्याने मोजल्या, तोच पुढे मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. भाचा हा खंड दोन वर्षं घोकतोय. महाडला तो तीनदा जाऊन आलाय, तिन्ही वेळा लग्नाला.

आणि तो म्हाताऱ्या पंतप्रधानांच्या अश्रूंतला एल. नववी अनुसूची. 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ती घातली, तीत तेरा कायदे ठेवले, आणि कोर्टाने यांना मूलभूत हक्कांच्या कारणावरून हात लावायचा नाही, असं सांगितलं. दुसऱ्या क्रमांकावर मुंबईचा 1948 चा कुळकायदा. सहाव्या क्रमांकावर मुंबईचा खोती निर्मूलन कायदा. खोत हा शब्द दिल्लीच्या कागदावर पोचला कसा? भाचा रोज एसटीने अलिबागला कॉलेजला जातो. कॉलेज कुठलं ते विचारू नका, दोष पोराचा आहे. त्याच अलिबाग तालुक्यात चरी नावाचं गाव आहे. 1933 च्या ऑक्टोबरात नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने तिथल्या कुळांनी ठरवलं, खोताची जमीन कसायची नाही. पेरणीच नाही. संप 1939 पर्यंत चालला. भातावर जगणाऱ्या माणसांनी सहा हंगाम भात लावलं नाही. लाकूडफाटा विकला, करवंदं विकली, उपास काढले. आंबेडकर त्यांच्या पाठीशी राहिले आणि 1937 साली त्यांनी मुंबई विधानसभेत खोती मोडण्याचं विधेयक मांडलं. ते सगळं शेवटी नवव्या अनुसूचीच्या सहाव्या ओळीत येऊन बसलं. क्लासमध्ये त्याचं एक अक्षर होतं: एल.

हे मी भाच्याला एसटी स्टँडवर सांगितलं. तो म्हणाला, "मामा, हे किती मार्कांना?"

बरं, भूतकाळ सोडा. संविधानाची प्रॅक्टिकल परीक्षा घ्यायची तर वडखळ नाक्यासारखी प्रयोगशाळा नाही. शनिवारी सकाळी मुंबईचे लोक अलिबागला बंगल्यावर निघतात आणि रविवारी संध्याकाळी पश्चात्ताप होऊन परततात. दोन्ही वेळा ते आमच्या नाक्यावर थांबतात. डोलवीकडचे ट्रेलर, अलिबागच्या गाड्या, पांढऱ्या कांद्याच्या माळा पाहून मध्येच ब्रेक मारणारे पुणेकर. अनुच्छेद 19 मधला 'घ' उपखंड सांगतो की नागरिकाला भारतभर मुक्त संचार करता येईल. भारतभर येत असेल. पुढच्या उपखंडात कुठेही स्थायिक व्हायचा हक्क आहे. शनिवारी दुपारी तो आपोआप बजावला जातो.

2011 साली या महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा चौपदरी करायला घेतला तेव्हा भाचा तिसरीत होता. तो वकील व्हायला आला. रस्त्याचं अजून 'थोडंच राहिलंय'. दोघांचीही केटी चालू आहे, फक्त रस्त्याची आई नातेवाइकांत फोन करत नाही. 2015 साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की नीट राखलेला रस्ता हा अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. 2025 च्या ऑक्टोबरात त्याच न्यायालयाने खड्ड्याने जीव गेला तर वारसांना 6 लाख रुपये द्यायला सांगितले. म्हणजे दहा वर्षांत हक्काचा दर ठरला. आमच्या नाक्यावर एका रिक्षावाल्याला मी हे सांगितलं तर त्याने विचारलं, "आणि पाठीचा मणका गेला तर?" जखमींनाही भरपाई आहे, म्हटलं. तो म्हणाला, "मंग एकवीस नंबर चांगला हाय." विद्यार्थ्याने एका ओळीत लिहावं इतकं नेमकं उत्तर. भाच्याच्या पेपरात याच प्रश्नाला अडीच पानं होती आणि पंधरापैकी चार गुण.

खरा पेच टाकला तो आमच्याकडे पापड विकायला येणाऱ्या मावशींनी. त्या पेणच्या पूर्वेकडच्या एका गावच्या. पोरगा वकील होतोय कळल्यावर पापडांची पिशवी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "त्या सेझच्या वेळेला आमी मत दिलं, ते कुठल्या कलमात बसतं रं?"

आठवतंय का कुणाला? पेण, उरण, पनवेलची हजारो हेक्टर जमीन महामुंबई सेझसाठी जायची होती. एन. डी. पाटील यांच्यासारखी म्हातारी माणसं रस्त्यावर उतरली होती. आणि 21 सप्टेंबर 2008 ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेण तालुक्यातल्या 22 गावांत सरकारने शेतकऱ्यांचं मत घेतलं: जमीन द्यायची की नाही? विरोध किती होता ते गावोगाव दिसत होतं. पुढे तो प्रकल्प बारगळला. मावशींचा सातबारा राहिला.

भाचा वही उघडून बसला. घटनेत सार्वमताची तरतूदच नाही. लोक प्रतिनिधी निवडतात, प्रतिनिधी कायदा करतात, मध्येच लोकांना थेट विचारायची सोय कुठे नाही. गोव्याला महाराष्ट्रात यायचं की नाही यावर 16 जानेवारी 1967 ला कौल घेतला, त्यासाठी संसदेला 1966 साली वेगळा कायदा करावा लागला. पेणला तसा कायदाही नव्हता. मालमत्तेचा हक्क 1978 च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून काढला, तो 300-अ मध्ये जाऊन बसला. ग्रामसभा 243 मध्ये आहे, पण ही ग्रामसभा नव्हती. भाच्याने अर्धा तास पानं उलटली. मावशी भिंतीला टेकून चहा प्यायल्या.

शेवटी तो म्हणाला, "मावशी, कुठंच बसत नाही."

"मना वाटलंच," असं म्हणून मावशींनी पिशवी उचलली. "दीडशे झाले. मिरीचे वेगळे."

त्या दिवशी मी ताईला म्हटलं, पोरगा अर्धा तास न उठता घटना वाचत होता. ताई म्हणाली, पापड उधारीवर घेतलेस ना पुन्हा?

एक आठवड्याने भाच्याने मला उलट प्रश्न विचारला. म्हणजे प्रगती होती. "मामा, आणीबाणीत डांबलेल्या माणसाला देहोपस्थितीचा अर्ज करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं?" म्हणालं होतं. 28 एप्रिल 1976, जबलपूरचा खटला, चार विरुद्ध एक. न्या. खन्ना एकटे विरोधात. बहुमतात आपले न्या. यशवंतराव चंद्रचूड. तो निकाल चुकीचा होता असं पुढे 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, आणि ते लिहिणाऱ्यांत न्या. धनंजय चंद्रचूड होते. मुलगा. वडिलांचा पेपर पुन्हा तपासायला मुलाला 41 वर्षं लागली. भाच्याने हे ऐकून ताईकडे असं पाहिलं की आपली दोन वर्षं काहीच नाहीत.

आमच्या तालुक्याचाही आणीबाणीच्या काळात हातभार लागला होताच. विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. मौनात होते, तरी त्यांनी 'अनुशासन पर्व' असे दोन शब्द लिहून दिले आणि सरकारने ते उचलून धरले. त्याचा अर्थ वेगळा होता, ते आचार्यांच्या अनुशासनाबद्दल होतं, असं पुढे सांगण्यात आलं. मौनातले दोन शब्द इतकी वर्षं उलगडत नाहीत, आणि विद्यापीठाला 395 पर्यंतच्या अनुच्छेदांचा अर्थ तीन तासांत हवा असतो.

इतकं झालं तरी शिकवणी लागली नाही ती नाहीच. ताईचा धीर सुटत चालला. "एवढा मोठा विषय, आणि शिकवणारा एक माणूस नाही? ज्यांनी घटना लिहिली ते तरी कुणाकडं शिकले असतील ना?"

शिकले, आणि शिकवलंही. बाबासाहेब परदेशातून पहिल्यांदा परत आल्यावर मुंबईत खाजगी शिकवण्या घेत होते. पोट भरायचं होतं. 1918 साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. बॅरिस्टर होऊन आल्यावरही वकिलीवर भागेना, म्हणून 1925 ते 1928 बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवत होते. म्हणजे महाडचं तळं झालं तेव्हा ते क्लासवर होते! पुढे सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य. आज खांबावर पाटी लावायची झाली तर पाहा: 'व्यापारी कायदा, अनुभवी मार्गदर्शन, कोलंबिया व लंडन.' पालक खाली उभे राहून विचारतील, निकाल किती टक्के लागतो?

ताईने हे ऐकलं, आणि तिच्या डोक्यात भलताच दिवा लागला. मला वाटलं होतं ती गहिवरेल. ती म्हणाली, "म्हणजे शिकवायला लागलं की येतं."

गेल्या सोमवारपासून आमच्या घराबाहेरच्या खांबावर पाटी आहे: 'राज्यशास्त्र, संविधान. दहावीपर्यंत. घरगुती वातावरण.' ओटीवर सात पोरं बसतात. भाचा पहिल्या दिवशी टीअर्स ऑफ ओल्ड पीएम शिकवायला गेला तर एका पोराने विचारलं, पंतप्रधान रडत का होते? त्याला सांगता आलं नाही. मग त्याने एल सोडून बाकी अक्षरं पुसली आणि चरीचं सांगितलं. सहा हंगाम भात नाही म्हटल्यावर पोरं गप्प झाली. त्यातल्या चौघांच्या घरी अजून शेती आहे. एकीने विचारलं, मग खायचे काय? भाच्याला तेही येत नव्हतं. त्याने मला हाक मारली. मी आतून ओरडलो, करवंदं.

फी महिना दोनशे. भाच्याचा पेपर पुढच्या महिन्यात आहे. हापूसचं कलम ओटीच्या कोपऱ्यात तसंच पिशवीत आहे, खड्डा खणायला कोणाला वेळ नाही. काल संध्याकाळी दोन आया ताईला भेटायला आल्या. मुलांचं घरी बोलणं वाढलंय म्हणाल्या, परवा एकाने बापाला विचारलं, तुम्ही कुठल्या अधिकाराने? ताई जरा घाबरली. पण तक्रार ती नव्हती.

"तेवढं ठीक आहे हो," त्यातली एक म्हणाली. "दादा गणित पण घेतात का? संविधानाचं काय, ते नंतर बघू."